विमानाचा पांगुळगाडा

माझी आई विमान फेकायची. हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं असेल, आणि प्रत्येकाला ते दोनदा सांगावं लागलं. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण खरंच, कोरेगावपासून बरंच आत असलेल्या आमच्या गावाच्या माळावर दर रविवारी ऊन कलल्यावर माझी आई पदर कमरेला खोचायची, पसरलेल्या दोन हातांएवढ्या पंखांचं लढाऊ विमान उजव्या हातानं खांद्यावर पेलायची, वाऱ्याकडं तोंड करून चार ढांगा पळायची आणि ते सोडून द्यायची. विमान तिच्या हातातून निघायचं ते अगदी सपाट, भाकरी तव्यावर टाकावी तसं. नाक वर नाही की शेपूट खाली नाही. मागं रिमोट घेऊन उभे असलेले अप्पा, म्हणजे माझे वडील, मग नुसते अंगठे हलवायचे आणि विमान बाभळींच्या डोक्यावरून कॅनॉलकडं वळायचं.

अप्पा हवाई दलात फिटर होते. विमानाचा सांगाडा, पत्रा, पंख, चाकं हे त्यांचं काम. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विमानांच्या पोटाखाली उताणं पडून काढली, पण उडवलं मात्र एकदाही नाही. गावाला एवढ्या बारकाव्याशी देणंघेणं नव्हतं. आमच्याकडं घरटी एक माणूस लष्करात असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हवेतला हा एकटाच, त्यामुळं ते सगळ्या गावाचे पायलट. "पायलट न्हाई रं, फिटर," असं ते सुरुवातीला प्रत्येकाला सांगायचे. नंतर दमले आणि सांगायचे थांबले.

ते कायमचे घरी आले तेव्हा मी अकरावीत होते, आणि खरं सांगायचं तर घरात एक पाहुणा आला होता. तोवर हे घर, तीन एकर ऊस, दोन म्हशी, कॅनॉलच्या पाण्याची पाळी आणि मी, हे सगळं आई एकटी बघायची. अप्पा पहाटे उठून घोंगडीची चौकोनी घडी घालायचे, अंगण झाडायचे आणि मग पुढं काय करायचं ते न कळून उभे राहायचे. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणं लावून ठेवले. आईला मीठ सापडेना. त्या दिवशीची घेवड्याची आमटी अळणी झाली आणि ती तशीच सगळ्यांच्या ताटात वाढली गेली. अप्पांनीही मुकाट्यानं खाल्ली. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. ही दोघं एस.टी.च्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखी वागायची. "वाढू का?" "वाढ." दिवसभरातलं बोलणं एवढंच. मला त्या शांततेची फार भीती वाटायची.

मग गणपतीनंतर कुणाच्या तरी मखराचं थर्मोकोल अप्पांनी उकिरड्यावरून उचलून आणलं, आणि आमच्या पडवीत विमान व्हायला लागलं. आठवडाभर घरात पांढरा भुगा उडत होता. दुधात भुगा, पिठात भुगा. आई म्हणाली, "म्हशीच्या अंगावर बर्फ पडल्यालं बगायचं ऱ्हायलं हुतं, त्ये बी बगितलं." अप्पांच्या पहिल्या पोस्टिंगच्या ठिकाणी फाटकाशी चौथऱ्यावर स्पिटफायर नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान उभं होतं आणि नव्या पोरांना ते पुसायचं काम असायचं. त्या पुसण्यातून त्यांच्या हाताला त्याचा सगळा आकार माहीत झाला होता. फोटो न बघता त्यांनी ते कापलं. पुढं मोटर, बॅटरी आणि रिमोट त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं पाठवला, थर्मोकोलच्या जागी हळूहळू हलकं लाकूड आलं, करडा-हिरवा रंग आला. पण त्या विमानाचे पाय मुळातच बारीक आणि जवळजवळ. आमच्या माळावर दोनदा उतरलं आणि दोन्ही पाय मोडले. तेव्हा अप्पांनी पायच काढून टाकले. उतरताना पोटावर घसरत गवतात बसायचं आणि निघताना कुणीतरी हातानं फेकायचं, असं ठरलं.

फेकणारं कोण? नामूकाका, अप्पांचा चुलतभाऊ, सगळ्यात आधी पुढं आला. त्यानं ते पाखरं हाकलायला दगड भिरकवावा तसं भिरकावलं, ते थेट बाभळीत. मग मी. मी डोळे मिटून फेकलं आणि त्याचं नाक मातीत रुतलं. तोवर आई चहाची किटली घेऊन आली होती. ती बराच वेळ बांधावर उभी राहून आमची फजिती बघत होती. शेवटी किटली खाली ठेवून म्हणाली, "आणा हिकडं. कुटं धरायचं?" अप्पांनी तिचा हात धरून बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. मला आठवतं तसं, माझ्यादेखत त्यांनी तिचा हात धरला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

त्या दिवसापासून रविवार बदलले. मी घरी चुलीपाशी असायची आणि अंधारून यायच्या आत कॅनॉलच्या वाटेनं दोघांचे आवाज यायचे. आधी वाऱ्याबद्दल, बॅटरीबद्दल. मग उसाच्या लागणीबद्दल, म्हशीच्या पायाबद्दल, माझ्या शिक्षणाबद्दल. आई मोठ्यानं हसायची. तिला असं हसता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. आज मागं वळून बघताना वाटतं, आमच्या घरात संसार सुरू झाला तो तेव्हा, मी सोळा-सतरा वर्षांची असताना.

नंतर मी सांगलीला इंजिनिअरिंगला गेले. दर शनिवारी भडंगाचा पुडा घेऊन एस.टी.नं घरी यायचे. होळीच्या आधीची गोष्ट, एका शनिवारी आले तर आई केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसलेली. म्हणाली, "ज्योते, जरा येणी घाल गं. हात वरच जाईना." उजवा खांदा आखडला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू सुटेल, पण वर्ष-दीड वर्ष जाईल, वजन उचलायचं नाही आणि हाताला झटका द्यायचा नाही. तिला भाकरी थापता यायची, धार काढता यायची, पण हात खांद्याच्या वर म्हणून जात नव्हता. अप्पांनी दाराच्या चौकटीला एक कप्पी बसवली, दोर ओवला, दोन्ही टोकांना लाकडी मुठी लावल्या. चांगल्या हातानं ओढायचं म्हणजे दुखरा हात वर जातो. आई रोज तिथं उभी राहून ओढायची आणि ओठ घट्ट मिटायची. अप्पा तेवढ्यापुरते गोठ्यात निघून जायचे. त्यांना ते बघवत नसे.

विमान पडवीत तसंच पडून राहिलं. नामूकाका म्हणाला, "आमचा पक्या फेकंल की. किरकेट खेळतुया, हात लय ताकदीचा हाय गड्या त्याचा." अप्पा म्हणाले, "नगं." बस, एवढंच. का नको ते सांगितलं नाही.

हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीतल्या मैत्रिणीकडं लॅपटॉप होता. त्यावर एकदा मी बघितलं की परदेशातले लोक बिनपायांचं विमान एका छोट्या चाकाच्या गाड्यावर ठेवतात. गाडा धावतो, पुरेसा वेग आला की विमान त्याच्यावरून उठतं आणि गाडा खालीच राहतो. फेकायला माणूसच लागत नाही. मला एवढा आनंद झाला की मी त्याचं चित्र काढलं आणि शनिवारी अप्पांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, चित्र फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ओके. करू."

पहिला गाडा त्यांनी लोखंडी अँगलचा केला. हे सगळं आई रानात गेल्यावर गोठ्यामागं चालायचं. खऱ्या विमानाची ट्रॉली ओढलेला माणूस, त्याला त्याहून कमी मजबूत काही सुचेना. तो इतका दणकट झाला की मोटर पूर्ण सोडली तरी जागचा हलेना. नामूकाका त्यावर बसून तंबाखू मळायला लागला. दुसरा पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपचा केला, त्याला प्रवासी बॅगेची चाकं लावली. ती चाकं चहूकडं फिरणारी, त्यामुळं गाडा निघाला तो डावीकडं, उजवीकडं आणि शेवटी गोल फिरून आमच्याच अंगावर आला. "दारू पाजली का काय ह्याला?" असं नामूकाकानं विचारलं, आणि त्यानंच त्याला नाव दिलं, पांगुळगाडा. लहान मूल चालायला शिकताना धरतं तो. तिसऱ्या गाड्याला मी सांगलीच्या बाजारातून लहान मुलांच्या सायकलला बाजूला लावतात ती रबरी चाकं आणली, पुढं दोन, मागं एक, तिन्ही सरळ धावणारी. पुढच्या दोन खुंटांना पंखाची कड टेकायची, मागच्या खोबणीत शेपूट बसायची. पंखाला ओरखडे पडू नयेत म्हणून खुंटांना कापड गुंडाळायचं होतं. मी आईकडं मागितलं, तिनं न विचारता जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली.

कापड कशाला हवंय ते तिनं दुसऱ्या दिवशी बघितलं. गोठ्याशेजारी अप्पा खुंटांना पट्टी गुंडाळत होते. ती वैरणीचा भारा डाव्या कुशीत घेऊन थांबली.

"ह्ये कशाचं चाललंय?"

"विमानाला गाडा," अप्पा म्हणाले. मान वर न करता, खूश होऊन. "आता फेकायला कुणी नगं."

"बरं झालं," आई म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापायचा आवाज सुरू झाला, आणि मधेच थांबला, आणि मग बराच वेळ आलाच नाही. मी आत गेले तर ती परातीत हात ठेवून नुसती बसली होती. म्हणाली, "धूर झालाय लय."

त्या रविवारपासून ती माळावर यायची बंद झाली. विमान उडत नव्हतं तरी तोवर अप्पा रविवारी माळावर जायचे, ती चहा घेऊन यायची, वारा कुठून आहे त्यावर त्यांच्याशी वाद घालायची. आता बोलावलं की म्हणायची, "गाडा हाय न्हवं? मग माजं काय काम?" मी तिला समजवायला गेले तर मलाच म्हणाली, "मला कशाचं वाईट वाटायचंय? हात चालत हुता तवर फेकलं. संपलं." अप्पांना मी गोठ्यात गाठलं. म्हटलं, "अप्पा, आईला वाईट वाटलंय."

"कशाचं? खांद्याचं?"

"गाड्याचं."

ते खरोखर चक्रावले. "तिच्यासाठीच केलाय की त्यो."

"मग सांगा की तिला."

"आता त्यात सांगायचं काय?" असं म्हणून ते म्हशीला पाणी दाखवायला गेले. माझे वडील कुठलीही गोष्ट तीन-तीनदा तपासून बघायचे, एक स्क्रू दोनदा आवळायचे, पण बोलायचं म्हटलं की त्यांचं सगळं एकदम सैल. मला त्या दिवशी दोघांचाही राग आला. आज माझ्या नवऱ्याशी मी असंच काहीतरी न बोलता राहते तेव्हा तो राग आठवतो आणि जरा हसू येतं.

पावसाळा तसाच गेला. मी शनिवारी यायची तेव्हा घरात पुन्हा तेच, "वाढू का?" "वाढ." कॅनॉलच्या वाटेनं अप्पा एकटे यायचे, गळ्यात रिमोट, हातात विमान, डोक्यावर गाडा. पांगुळगाडा आता सरळ धावायला लागला होता. माळावरच्या जुन्या गाडीवाटेचे दगड आम्ही दोघांनी वेचले, खड्डे बुजवले. पाऊस उघडल्यावर दोन रविवार विमान त्याच्यावरून नीट उठलंही. पण अप्पा एक फेरी मारायचे आणि उतरवायचे. विचारलं तर म्हणायचे, "मजा न्हाई गं येत." ही दोघं पुन्हा एस.टी.च्या त्या बाकावर अनोळखी होऊन बसणार, आणि ह्या वेळी त्यांना उठवायला काहीच नसणार, ही भीती घेऊन मी रविवारी संध्याकाळची सांगलीची गाडी पकडायची.

नवरात्रात सुट्टी होती. खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र अंगणात मांडून पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, मोटरसायकल, अप्पांची पान्यांची पेटी. ओळीच्या शेवटी अप्पांनी विमान ठेवलं होतं, गाड्यावर बसवून, कारण दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी सगळा गाव माळावर येतो आणि त्या वेळी ते उडवायचं त्यांनी कबूल केलं होतं. आई हळदीकुंकू लावत ओळीनं पुढं सरकत होती. शेवटी येऊन ती थांबली. मला वाटलं, उठते आता. पण पूजेतून कुठलं यंत्र वगळायचं हे तिला जमणं शक्य नव्हतं. तिनं विमानाच्या नाकाला कुंकू लावलं. पंखाला हळद लावली. मग थोडा वेळ तळहात तसाच त्या पंखावर ठेवला. झेंडूची माळ घातली आणि धागा घेतला.

ह्या धाग्याची आमच्या घरची एक रीत आहे. गोधडी शिवायचा जाड दोरा हळदीत भिजवून त्याचे पाच वेढे प्रत्येक वस्तूला द्यायचे, आणि ज्या वस्तू जोडीनं चालतात त्यांना मिळून एकच धागा. पाटा आणि वरवंटा, जातं आणि त्याचा खुंटा, खल आणि बत्ता. पूजेचा धागा नंतर कुणी तोडायचा नाही, आपोआप गळून पडला तर पडला. आईनं त्याच रीतीनं धागा गुंडाळला आणि गाठ मारली. मी त्या वेळी चुलीवर पुरण हलवायला आत पळाले होते.

दसऱ्याला दुपारी विमान जसं पुजलं तसंच, गाड्यासकट, मी आणि अप्पांनी दोन बाजूंनी उचलून माळावर नेलं. झेंडूची माळ काढून ठेवली. पोटाखाली पिवळा धागा दिसत होता. मी बोट लावलं तर अप्पा म्हणाले, "राहू दे." गाडा वाटेवर सरळ लावत म्हणाले, "किती म्हैन्यांनी हात लावलाय तिनं." धाग्याचे वेढे गाड्याचे गाड्याला आणि विमानाचे विमानाला असतील, अशीच आमची समजूत.

माळावर ही गर्दी. पालखी आपट्याच्या झाडापाशी थांबलेली, बायका नव्या लुगड्यांत, पोरं शिट्ट्या मारतायत. आई बायकांच्या घोळक्यात लांब उभी होती, पाठमोरी. अप्पांनी नेहमीप्रमाणं सगळं तीनदा तपासलं आणि मोटर सोडली. गाडा धावला, सरळ, बाणासारखा. नेहमीच्या ठिकाणी विमान उठलं नाही. अप्पा पुटपुटले, "चल की." वाटेच्या अगदी टोकाला, आता बांधावर आदळणार असं वाटत असताना ते उठलं, आणि त्याच्याबरोबर गाडाही उठला. तिन्ही चाकं हवेत गरगरत होती.

गावाला वाटलं, असंच असतं. लोकांनी टाळ्या पिटल्या. "चाकासकट गेलं की रं!" नामूकाका ओरडला, आणि मग अप्पांचं तोंड बघून पोरांना मागं सारायला लागला. अप्पांच्या कपाळावर घाम आला होता. विमान जड झालं होतं, नाक खाली घालत होतं, आणि बॅटरी चार-पाच मिनिटांची. पडलं तर इतक्या वर्षांच्या मेहनतीचं काही राहणार नव्हतं, आणि खाली माणसं होती. त्यांनी ते गर्दीपासून दूर, पश्चिमेला वळवलं. आणि तिकडं समोर सूर्य.

"दिसंना," अप्पा म्हणाले. "ज्योते, कुटं हाय? दिसंना मला." मलाही दिसत नव्हतं. नुसता उजेड आणि कुठूनतरी मोटरीचा आवाज.  अप्पांचे दोन्ही हात रिमोटवर, डोळ्यांवर हात धरायचीही सोय नाही.

आई कधी पळत आली ते मला कळलं नाही. ती अप्पांच्या शेजारी उभी राहिली, चवड्यांवर उंच झाली आणि डाव्या हाताचा पंजा तिनं त्यांच्या कपाळावर आडवा धरला. सगळ्या गावासमोर. स्वतःचे डोळे बारीक करून ती बघत होती.

"बाभळीच्या वर हाय. आता आपल्याकडं वळतंय. दिसलं?"

"न्हाई."

"थांबा. आणिक जरा डावीकडं येऊ द्या. हां. आता?"

"दिसलं," अप्पा म्हणाले.

"मग आणा खाली. हळू. घाई नगं. मी हाय."

अप्पांनी ते आणलं. गाड्याची चाकं आधी टेकली, दणका बसला, धागा तुटला. गाडा एकटाच पुढं पळत गेला आणि चरीत उलटा झाला. विमान त्याच्यावरून सुटून पोटावर घसरत, फिरत, कुसळांत जाऊन बसलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. "लय भारी, पायलट!" त्यांच्या लेखी सगळा खेळ ठरल्याप्रमाणं झाला होता.

आम्ही तिघं विमानापाशी गेलो. नाकावरचा फिरता पंखा मोडला होता, पंखाचं एक टोक चिरलं होतं, बाकी शाबूत. आईनं खाली वाकून तुटका पिवळा दोरा हातात घेतला, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"त्यो गाडा खाली ऱ्हायला पायजे असतो व्हय?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली. "आन् मी दोगांना मिळून बांधलं. जोडी हाय म्हणून. आवं, मला कुणी सांगितलं का, ह्ये वर जातंय आन् त्ये खाली ऱ्हातंय म्हणून? मला वाटलं, इमानाला पाय लावले तुमी. आता तुमाला माजी गरज न्हाई."  माझी आई सहसा रडत नसे. ती उभी राहून, पदर न लावता रडली.

अप्पा गुडघ्यावर बसून पंखावरची कुसळं काढत होते.  मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "नामू म्हनत हुता, पक्याला फेकाय लाव. दुसऱ्या कुणाच्या हातनं मला न्हाई उडवायचं. म्हणून केला गाडा." आणखी एक कुसळ काढलं. "मी सांगाय पायजे हुतं. चुकलं."

आईनं डोळे पुसले. मग ती दुसऱ्या बाजूला बसली आणि डाव्या हातानं कुसळं काढायला लागली. मी गाडा आणायच्या निमित्तानं चरीकडं गेले आणि मुद्दाम वेळ लावला. परत आले तर त्यांचं काहीतरी चाललं होतं, पंखा सांगलीतून आणायचा का पुण्यातून.

पंखा सांगलीतच मिळाला. पुढच्या रविवारी विमान गाड्यावर बसवून, रिमोट गळ्यात अडकवून अप्पा नुसतेच उभे. वारा चांगला, सगळं तपासून झालेलं. मी म्हटलं, "सोडा की." ते म्हणाले, "थांब जरा." आई म्हशीची धार उरकून, चहाची किटली घेऊन बांधावरून येताना दिसली. अप्पांनी तिला हाक मारली, "आगं, लवकर ये. मोटर पुरती वेग घेईस्तवर मागनं शेपूट धरायला माणूस लागतंय. एकट्याचं काम न्हाई ह्ये." आई लगबगीनं आली, खाली बसली, डाव्या हातानं शेपूट धरली. अप्पांनी मोटर सोडली, तिचा पदर वाऱ्यानं फडफडला, आणि ते म्हणाले, "सोड."

त्या गाड्याचं चित्र मी काढलं होतं. त्याचे तिन्ही अवतार मी बघितले होते. त्याला मागून धरायला कुणीही लागत नाही, हे माझ्याइतकंच अप्पांनाही माहीत होतं. मी चहा ओतला.

आईचा खांदा पुढल्या वर्षी हळूहळू सुटला. एका शनिवारी मी घरी आले तर ती स्वतःची वेणी स्वतः घालत होती, हात पार डोक्याच्या वर. मला इतका आनंद झाला की मी तिथंच ओरडले, "अप्पा, आता आईला फेकू दे की विमान! गाडा ठेवा माळ्यावर." आईनंही आशेनं त्यांच्याकडं बघितलं.

अप्पा गाड्याच्या चाकाला तेल घालत होते. ते म्हणाले, "नगं. हाताला परत झटका नगं. आन् मग शेपूट धरायची कुणी?"